पडशीचे वजन

लांबच्या वाटेने पायी निघालेल्या माणसाचा स्वभाव त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या पडशीवरून लवकर कळतो. घरात माणूस काय काय साठवतो यावरून त्याची ऐपत समजते. पण खांद्यावर घेऊन शेकडो कोस चालावयाचे आहे, अशा वेळी तो काय उचलतो आणि काय मागे ठेवतो, यावरून त्याचा विवेक समजतो. मी नोकरीच्या निमित्ताने लखनौस राहतो. मुंबईहून निघालेली आगगाडी सुमारे एका दिवसात येथे आणून सोडते आणि सामान किती घ्यावे हा प्रश्न ट्रंक बाकाखाली मावते की नाही एवढ्यापुरताच उरतो. परंतु याच उत्तर हिंदुस्थानात आपले वाडवडील पायी येत होते, आणि त्यांच्यापुढे हा प्रश्न कधी कधी जीवनमरणाचा होऊन उभा राहत होता. त्या ओझ्याचा हा थोडासा हिशेब आहे.

हिशेब म्हटला की आधी मापे पाहावयास हवीत. आपल्याकडे वजनमापांचा दशमान कायदा 1956 साली झाला. त्यापूर्वीचा वाटसरू तोळा, शेर आणि मण यांतच विचार करी. गावोगावचे शेर निराळे असले, तरी पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजच्या भाषेत सुमारे 933 ग्रॅम. आता गंमत अशी की 1835 नंतर कंपनी सरकारने जो चांदीचा रुपया सर्वत्र चालू केला, तो बरोबर एक तोळा वजनाचा होता. म्हणजे शंभर रुपये याचा अर्थ सव्वा शेर. हजार रुपये म्हणजे साडेबारा शेर, जवळजवळ बारा किलो! पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे असा आज डोंगर चढणाऱ्यांचा ठोकताळा आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला हा हिस्सा बारा किलोच येतो. तेव्हा ज्याच्याजवळ हजार रुपये रोख आहेत, त्याने धोतर, लोटा, पीठ काहीही न घेता नुसता पैसाच घेऊन चालावे, असा त्याचा अर्थ झाला. आज खिशातल्या पैशाला वजन असते हे आपण विसरून गेलो आहोत. त्या काळच्या वाटसरूला ते विसरता येत नव्हते.

म्हणूनच त्याने वजन कमी करण्याच्या युक्त्याही शोधून काढल्या होत्या. मोहर तोळ्याचीच, पण किमतीने पंधरा-सोळा रुपयांची. तेव्हा हजार रुपयांचे सोने एका शेराच्या आत बसे आणि कमरेच्या कशात मावे. त्याहून हलकी ती हुंडी. पुण्याच्या सावकाराकडे पैसे भरावे आणि काशीच्या पेढीवर घ्यावे. मध्ये चालावयाचा तो कागदाचा एक तुकडा. मोठमोठ्या शहरांना जोडणाऱ्या सराफी पेढ्यांनी व्यापार तर चालविलाच, पण प्रवाशाच्या खांद्यावरचे ओझेही उतरविले, ही गोष्ट आपल्या इतिहासात फारशी नोंदली जात नाही. अर्थात ही सोय ज्याच्याजवळ घरून निघतानाच पैसा आहे त्याची. वाटेत जागोजागी दक्षिणा मिळवीत जाणाऱ्या भिक्षुकाला हुंडीचा उपयोग थोडा. त्याची कमाई जसजशी वाढे, तसतसे त्याचे चालणे जड होई आणि चोरांची नजरही त्याच्याकडे वळे.

पैसा सोडून पडशीत आणखी काय असे? एक घोंगडी, ती अंथरूण, पांघरूण, छत्री आणि थंडीतला कोट असे चारही धर्म पाळी, मात्र एकदा भिजली की दुप्पट जड होई. एक धोतर अंगावर आणि एक वाळत. वाटेत मोडेल म्हणून जास्तीची वहाण. विस्तवासाठी चकमक. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोटा आणि दोर. कोकणातल्या माणसाला विहिरीचे पाणी हाताशी लागण्याची सवय. माळवा आणि बुंदेलखंड येथे पाणी खोल. दोर आखूड घेतला तर विहिरीच्या काठावर तहानलेले बसावे लागे आणि लांब घेतला तर तो रोज वाहावा लागे. अन्नाच्या बाबतीत उत्तरेकडच्या लोकांनी हा प्रश्न सातूने सोडविला होता. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, मीठ आणि पाणी. चूल नको की भांडे नको. अवधातला वाटसरू पंचाच्या टोकाला सातू बांधून दिवसच्या दिवस चालू शके.

पण आपल्याकडील सोवळ्यातल्या माणसाला तेवढ्याने भागत नसे. दुसऱ्याच्या हातचे खावयाचे नाही असे एकदा ठरले की आपले पातेले, आपली पळी, आपला शिधा आणि स्वयंपाकापुरता मुकटा हे सारे बरोबर आले. पूजेची संपुष्टे आली, पोथी आली. आचाराला वजन असते आणि ते शेरात मोजता येते, हे लांबच्या वाटेवर जितके स्पष्ट होते तितके घरी होत नाही. ज्याच्यावर ही बंधने नव्हती असा गोसावी किंवा फकीर एका कटोऱ्यावर सारा देश हिंडून येई, याचे मर्म त्याच्या वैराग्याइतकेच त्याच्या हलक्या झोळीतही आहे.

एका वस्तूकडून अनेक कामे करून घेणे हा या विद्येतला पहिला धडा. त्याचा कळस पाहावयाचा असेल तर कुमाऊँच्या नैनसिंग रावताकडे पाहावे. सर्वेक्षण खात्याने शिकवून तयार केलेला हा शाळामास्तर यात्रेकरूच्या वेषाने 1866 च्या जानेवारीत ल्हासास पोहोचला. तिबेटात परकीयांना मज्जाव होता. उघडपणे कोणतेही उपकरण नेणे शक्य नव्हते. म्हणून त्याच्या माळेत 108 ऐवजी 100 मणी होते आणि शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा, असा त्याचा जप होता. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी मोजणीचे टिपण असे. पारा कवड्यांत भरलेला, उष्णतामापक काठीत लपविलेला आणि कोन मोजण्याचे यंत्र पेटीच्या चोरकप्प्यात. यात्रेकरूजवळ जे असायलाच हवे, तेवढेच त्याच्याजवळ दिसत होते. परंतु तेवढ्याच सामानात एक अख्खी कचेरी मावलेली होती. 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

एकट्याला साधते ते समूहाला साधतेच असे नाही. एकटा मनुष्य आपले ओझे रोज खांद्यावर अनुभवतो, म्हणून ते कमी करतो. हजारो माणसे एकत्र चालू लागली की प्रत्येकाचे थोडे थोडे सामान कोणाच्याच खांद्याला टोचत नाही आणि सगळ्यांचे मिळून झालेले ओझे मात्र सगळ्यांना बुडवू शकते. 1760 साली सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले, त्या वेळी असेच झाले. फौजेबरोबर बायकामुले होती, बाजार होता. फौजेच्या आश्रयाने मथुरा, प्रयाग, काशी घडेल म्हणून निघालेले यात्रेकरू होते. आपल्या बखरींतला बुणगे हा शब्द या साऱ्या जथ्याला लावला जातो. न लढणाऱ्यांची संख्या लढणाऱ्यांहून मोठी होती. सुरजमल जाटाने भाऊंना सल्ला दिला की कुटुंबकबिला आणि जड सामान चंबळेपलीकडे झाशी-ग्वाल्हेरीस ठेवा, नाहीतर माझ्या एखाद्या किल्ल्यात ठेवा, आणि सडे होऊन लढा. मल्हारराव होळकरांचाही कल तिकडेच होता.

भाऊंनी ते ऐकले नाही, म्हणून त्यांना अविचारी ठरविणे सोपे आहे. परंतु त्याच वर्षीच्या आरंभी उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी निजामाला नमविले होते. त्या जड तोफा भाऊंच्या दृष्टीने अडगळ नव्हत्या. तेच त्यांचे बळ होते. आणि परमुलखात बायकामुलांना कोणाच्या भरवशावर सोडावे, हाही प्रश्न खोटा नव्हता. तरीही परिणाम व्हायचा तो झाला. पानिपतावर रसद तुटली, तेव्हा खाणारी तोंडे तेवढीच राहिली आणि लढणारे हात उपाशी पडले. 14 जानेवारी 1761 रोजी फौज उपाशीपोटीच रणात उतरली. या प्रसंगाची एक महत्त्वाची साक्ष अवधच्या दरबारातून आलेली आहे. नबाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने लढत होता आणि त्याच्या पदरी काशीराज शिवदेव हा दक्षिणी पंडित होता. त्याने 1780 साली लिहिलेली फारसी हकीकत पुढे इंग्रजीत जाऊन जगभर वाचली गेली. मराठ्यांचा सर्वनाश एका मराठी माणसाने शत्रूच्या गोटातून पाहिला, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग होय.

या घटनेनंतर शतक उलटण्याच्या सुमारास पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले. घरी दारिद्र्य होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आणि तेथे भरपूर दक्षिणा मिळणार, असे त्यांच्या कानावर आले. 1857 सालच्या मार्चमध्ये काका रामभट यांच्यासह ते पायी चालू लागले. हलके जावे आणि जड होऊन परतावे, एवढाच साधा बेत होता. वाटेत महूच्या आसपास त्यांना बंडाची कुणकुण लागली. तरी ते मागे फिरले नाहीत. पुढे ग्वाल्हेर, झाशी, काळपी, चित्रकूट अशी त्यांची वाट सत्तावनच्या वणव्यातूनच गेली.

1858 चा मार्च महिना या कथेत ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या महिन्यात लखनौ आणि झाशी ही दोन्ही शहरे इंग्रजांच्या वेढ्यात होती. लखनौचा कैसरबाग पडला आणि जी लूट झाली, ती ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम रसेल याने डोळ्यांनी पाहिली. शिपाई मौल्यवान वस्तू उचलीत होते आणि जे उचलून नेता येत नव्हते ते फोडून टाकीत होते. आरसे, झुंबरे, संगयशबाची पात्रे यांचा चुराडा झाला. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेल्या वैभवाची पारख आता त्याच्या कलाकुसरीवरून होत नव्हती. खिशात मावते की नाही, एवढीच कसोटी उरली होती. तिकडे एप्रिलच्या आरंभी झाशी पडली. आतल्या हजारो जीवांबरोबर गोडसे काका-पुतणेही घरांत लपून होते. जीव वाचला, पण गाठीचा पैसा गेला. जी दक्षिणा तोळातोळाने जमली होती, ती अशीच पुन्हा पुन्हा गेली.

मग अडीच-तीन वर्षांच्या या वणवणीनंतर विष्णुभटांनी घरी नेले तरी काय? काशीची गंगा. आईबापांना गंगास्नान घडवावे, ही इच्छा त्यांनी धरली आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते कोकणाकडे निघाले. या ओझ्याचा हिशेब करून पाहा. दोन्ही बाजूंस पाच-पाच शेर पाणी धरले तरी नऊ किलोंहून अधिक भार नुसत्या पाण्याचा झाला. भांडी आणि बांबू वेगळे. रिवाजाप्रमाणे कावड भुईवर टेकवावयाची नाही. वाट दीड हजार किलोमीटरांच्या आसपासची. घोंगडी ऊब देते, सातू पोट भरतो, दोर पाणी काढतो. आणि ही कावड? वाटेत तहान लागली तरी त्यातले पाणी प्यावयाचे नाही. उपयोगाच्या हिशेबाने पाहिले, तर साऱ्या सामानात तिच्याइतकी निरुपयोगी वस्तू दुसरी नव्हती. पण लुटारूंच्या दृष्टीने जिला किंमत नव्हती अशीही तीच एक होती. चांदी गेली, पाणी घरी पोहोचले, आणि वरसईस आईबापांना त्या पाण्याने स्नान घडले.

कावडीबरोबर दुसरीही एक गोष्ट आली होती आणि तिला तर मुळीच वजन नव्हते. ती म्हणजे पाहिलेल्याची आठवण. पुढे विष्णुभटांनी ती लिहून काढली. भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केले आणि दत्तो वामन पोतदार यांनी 1966 साली मूळ पाठ छापला. आमच्या या लखनौ शहरात राहून लिहिणारे हिंदीचे थोर कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी त्याचे हिंदी रूपांतर ‘आँखों देखा ग़दर’ या नावाने केले. जे हस्तलिखित कोकणातल्या एका घरी होते, ते अशा रीतीने पुन्हा उत्तरेस परतले.

कावडीची आणखी एक कथा प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. रामेश्वराला वाहावयाची गंगा घेऊन जाताना पैठणच्या एकनाथांना वाळवंटात तहानेने तळमळणारे गाढव दिसले आणि त्यांनी ती कावड त्याच्या मुखात रिती केली. वरवर पाहता या दोन कावडी परस्परविरुद्ध दिशांना जातात. एकाने थेंब न सांडता पाणी घरी आणले. दुसऱ्याने सारे वाटेतच ओतले. पण दोघांनाही आपण हे ओझे कशासाठी उचलले आहे याचे भान होते, आणि ते भान असल्यामुळेच एकाला ते शेवटपर्यंत वाहता आले आणि दुसऱ्याला वेळ येताच उतरवता आले.

आज पुन्हा पायी चालण्याची हौस आपल्या तरुणांत वाढते आहे. सह्याद्रीत आणि हिमालयात जाणारी मुले आपली पिशवी काट्यावर ठेवून ग्रॅमग्रॅमचा हिशेब करतात, हे पाहून आनंद वाटतो. तो हिशेब अवश्य करावा. मात्र काटा फक्त वजन सांगतो; कोणती वस्तू ठेवावी आणि कोणती काढावी, हे तो सांगू शकत नाही. तेवढे काम चालणाऱ्याला स्वतःच करावे लागते, आणि ते घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी करावे लागते.