वन आणि वस्ती

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात शाहिरी वाङ्मय शिकवताना अ‍ॅक्वर्थ हे नाव एकदा तरी येतेच. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे १८९४ मध्ये अ‍ॅक्वर्थने मराठी पोवाड्यांची इंग्रजी रूपांतरेही छापली. एवढे सांगून पुढच्या शाहिराकडे वळण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हाच गृहस्थ त्या सुमारास मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता आणि १८९० मध्ये त्याने माटुंग्याला रस्त्यावरच्या कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. वडाळ्याचे आजचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय ते हेच. एक संग्रह कवनांचा, दुसरा माणसांचा. पहिल्याची चिकित्सा आपण शंभर वर्षे करत आलो; दुसऱ्याचा इतिहास आरोग्य खात्यावर सोडून दिला.

अ‍ॅक्वर्थच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या आश्रयस्थानाच्या नावातच 'बेघर' हा शब्द होता, आणि तो महत्त्वाचा आहे. १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या कुष्ठरोग आयोगाने हा रोग फारसा संसर्गजन्य नाही, सक्तीच्या विलगीकरणाची गरज नाही, असा निर्वाळा दिला होता. तरीही १८९८ चा कायदा आला. तो सर्व रोग्यांना लागू नव्हता. जो उघड्यावर भीक मागतो किंवा ज्याला उपजीविकेचे साधन नाही, त्यालाच पोलीस वॉरंटाशिवाय धरून आश्रयस्थानात पाठवू शकत होते. घरचे खाऊन-पिऊन सुखी असलेल्या रोग्याला कुणी हात लावत नव्हते. म्हणजे कायद्याला भय जिवाणूचे नव्हते, दारिद्र्याच्या दर्शनाचे होते. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे, खाद्यपदार्थ विकणे यांवरही त्या कायद्याने बंधने घालता येत होती. आपल्या गावगाड्याला ही कल्पना परकी नव्हती. वेशीबाहेर कुणाला ठेवायचे, याचा सराव त्याला आधीपासूनच होता.

स्वदेशी प्रयत्नांचा इतिहास यापेक्षा उदात्त आहे, पण त्यातही एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला खटकल्यावाचून राहत नाही. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी उभे केले ते तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन, नागपूरजवळ अशोकवन, आणि इकडे पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन. सगळी वनेच! मराठी मनात 'वन' या शब्दाच्या दोन छटा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. एक वानप्रस्थाची, स्वेच्छेने पत्करलेली. दुसरी वनवासाची, लादलेली. गावाने ज्याला बाहेर काढले, त्याच्या बाहेर असण्याला या नावांनी तपश्चर्येचे रूप दिले. त्यामुळे त्या माणसाला प्रतिष्ठा मिळाली, यात संशय नाही. गावाला मात्र स्वतःचे दार उघडण्याच्या जबाबदारीतून सूट मिळाली. आनंदवनाला ही अडचण जाणवली असावी. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाल्यानंतर दीड दशकात त्या परिसरात महाविद्यालय निघाले आणि वरोऱ्याची मुले शिकायला आत येऊ लागली. रोगी गावात जाऊ शकत नाही, तर गाव आत आणावे! युक्ती मोठी होती, पण ती उलट्या दिशेची होती.

सुलट दिशेचा एक प्रयोग त्याआधीच होऊन गेला होता आणि तो सेवाग्रामला झाला होता. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी असलेले संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन १९३९ मध्ये आश्रमात आले. अडचण खरीखुरी होती. आश्रमात इतर माणसे होती, मुले होती, रोगाविषयीचे भय होते. तोवर वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांचे कुष्ठधाम १९३६ पासून चालू होते. शास्त्रीबुवांना तिकडे पाठवून देणे सोपे होते. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळच झोपडी बांधून दिली आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश केली. त्या मालिशीचे छायाचित्र सर्वांनी पाहिलेले आहे. त्या चित्राहून मला ती झोपडी अधिक मोलाची वाटते. चित्रात करुणा दिसते. झोपडीत शेजार आहे. पंडिताची विद्वत्ता आश्रमाच्या कामी आली. ते तिथे रोगी म्हणून नव्हे, शास्त्री म्हणून राहिले. शेवटचा काळ त्यांना दत्तपूरला काढावा लागला, हेही खरे. पण एका माणसाला त्याच्या गरजेपुरता आधार देऊन सर्वांमध्ये राहू देणे शक्य आहे, हे तोवर दिसून चुकले होते.

पुढे औषधाने जे केले ते तत्त्वज्ञानाला जमले नव्हते. सल्फोन वर्गातील औषधे १९४० च्या दशकात आली. डॅप्सोनच्या स्वस्त गोळीमुळे रोग्याला कोंडून ठेवण्याचे वैद्यकीय कारणच संपले. १९५१ मध्ये वर्ध्याला स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वर्देकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीवर काम उभे केले. रोग्याने वनात यायचे नाही, कार्यकर्त्याने गावात जायचे. १९५५ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. तेव्हापासून बऱ्याच रोग्यांचा उपचार सहा महिने ते वर्षभराचा झाला.

याचा अर्थ पाताळगंगेकाठच्या आपट्यासारख्या गावात नीट कळतो. पनवेल–रोहा मार्गावरचे हे छोटे स्थानक लोकांना ठाऊक आहे ते एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाच्या शेवटामुळे. पण इथे एक प्राथमिक आरोग्य केंद्रही आहे. अंगावर बधिर चट्टा दिसलेल्या माणसाला अशा केंद्रात औषधाचे पाकीट मोफत मिळते. ते घेऊन तो घरी जातो, दुसऱ्या दिवशी शेतावर किंवा रसायनीच्या कारखान्यात कामाला जातो. शंभर वर्षांपूर्वी त्याचा प्रवास, तो निर्धन असता तर, माटुंग्याच्या फाटकापाशी संपला असता. या बदलावर पोवाडा कुणी रचला नाही, कारण यात घडते ते एवढेच की माणूस कुठेही जात नाही. त्याच तालुक्यातल्या शांतिवनाच्या आवारात कालांतराने वृद्धाश्रम आला, आदिवासी मुलांची आश्रमशाळा आली. वनाची हळूहळू वस्ती होत गेली.

प्रश्न उरतो तो जे आधीच आत आले त्यांचा. रोग बरा झाला, बोटे परत आली नाहीत, आणि घरही परत आले नाही. जपानमध्ये विलगीकरणाचा कायदा १९९६ साली रद्द झाला. फाटके उघडली, पण बहुतेक वृद्ध रहिवासी आरोग्यधामांतच राहिले. जायचे कुणाकडे? आपल्याकडे १८९८ चा कायदा २०१६ मध्ये पूर्णपणे रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांत होते, ते २०१९ मध्ये निघाले. म्हणजे औषध सापडल्यानंतरही सुमारे पाऊणशे वर्षे कायद्याने पती-पत्नीला एकमेकांना सोडण्याची ही वाट उघडी ठेवली होती. अशा अवस्थेत केवळ संस्था बंद करणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्यांदा घराबाहेर काढणे. संस्थांवर सरसकट टीका करणाऱ्यांनी हे विसरू नये.

मनोरुग्णांच्या बाबतीत हीच कोंडी अधिक उघड आहे. आपट्याहून फार दूर नसलेल्या कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना दूरदूरच्या गावी घरच्यांकडे पोहोचवले जाते. तिथे संस्था हा मुक्काम नसून थांबा आहे. पण ज्यांना घर सापडत नाही किंवा घर स्वीकारत नाही, त्यांचे काय? चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने 'होम अगेन' नावाच्या उपक्रमात याचे एक साधे उत्तर शोधले. सामान्य वस्तीत भाड्याचे घर घ्यायचे, चार-पाच जणींनी एकत्र राहायचे, मदतीला एक बाई ठेवायची. स्वयंपाक काय करायचा, बाजारात केव्हा जायचे, हे राहणाऱ्यांनी ठरवायचे. ही कल्पना पुढे रत्नागिरीपर्यंत आली, जिथे एकोणिसाव्या शतकापासून मनोरुग्णालय आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. त्या कायद्यातील दिव्यांगांच्या यादीत कुष्ठमुक्त व्यक्तीही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे एकोणिसावे कलम त्याहून स्पष्ट बोलते. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. आणि सोय उभी करायची ती शासनाने. अ‍ॅक्वर्थच्या फाटकातून माणसे ज्या कारणाने आत गेली, ते 'बेघर' असण्याचे कारण या यादीत तिसरे आहे. घर भाड्याने मागायला गेल्यावर मालक पहिला प्रश्न अजूनही तोच विचारतो: कुठले तुम्ही, घरी कोण असते?