अमेरिकेतील निष्कासन प्रकरणे आणि मुदतीनंतरचे अर्ज : न्यायालयीन परीक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

परकीय नागरिकास देशाबाहेर काढण्याचा आदेश अंतिम झाल्यावर नवा पुरावा हाती आला, किंवा वकिलाच्या हलगर्जीपणामुळे दावा बुडाल्याचे उघड झाले, तर दाद कोठे मागावी? अमेरिकेत यासाठी प्रकरण पुन्हा खुले करण्याचा अर्ज करता येतो. हा अर्ज मुदतीनंतर आला म्हणून प्रशासनाने फेटाळला, तर न्यायालयाने तो नकार तपासावा काय, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियमाकडून कायद्याकडे

न्याय खात्यात १९४० मध्ये स्थलांतर अपील मंडळ स्थापन झाले. अशा अर्जांचा आधार दीर्घकाळ केवळ प्रशासकीय नियम हाच होता. निष्कासन लांबविण्यासाठी त्यांचा वापर होतो, ही प्रशासनाची तक्रार होती. आयएनएस विरुद्ध डोहर्टी (१९९२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही अशा अर्जांकडे प्रतिकूल दृष्टीनेच पाहिले. १९९६ च्या कायद्याने या अर्जास वैधानिक स्थान दिले. मात्र सर्वसाधारणपणे एकच अर्ज आणि अंतिम आदेशापासून ९० दिवसांची मुदत, अशी मर्यादाही घातली. मायदेशातील बदललेल्या परिस्थितीवर आधारलेल्या आश्रयाच्या दाव्यास मुदतीतून सूट मिळाली. याच कायद्याने प्रशासनाच्या स्वेच्छाधीन निर्णयांवरील न्यायालयीन परीक्षणही आकुंचित केले. हक्क आणि अडसर असे एकाच वेळी जन्मास आले.

तीन निर्णय

कुचाना विरुद्ध होल्डर (२०१०) हे प्रकरण अल्बानियातील एका आश्रयार्थीचे होते. मंडळाचा स्वेच्छाधिकार कायद्यात नव्हे, तर प्रशासनानेच केलेल्या नियमात नमूद होता. असा नियम करून प्रशासनास आपले निर्णय न्यायालयाच्या तपासणीपासून दूर ठेवता येणार नाहीत, असा निर्वाळा न्यायालयाने एकमताने दिला.

माटा विरुद्ध लिंच (२०१५) मध्ये वकिलाने अपील दाखल केले, परंतु लेखी युक्तिवाद सादरच केला नाही. अपील फेटाळले गेले. नव्या वकिलाचा अर्ज मुदत उलटल्यावर आला. न्याय्य कारणास्तव मुदत स्थगित मानावी, ही त्याची विनंती मंडळाने नाकारली. पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने आपल्याला अधिकारच नाही, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ती खोडून काढली.

गेरेरो-लास्प्रिला विरुद्ध बार (२०२०) मधील प्रश्न अधिक सूक्ष्म होता. विशिष्ट गुन्ह्यांसाठी दोषी ठरलेल्यांच्या प्रकरणी न्यायालयास केवळ घटनात्मक व कायदेविषयक प्रश्न तपासता येतात. अर्जदाराने पुरेशी तत्परता दाखविली की नाही, हा प्रश्न वस्तुस्थितीचा की कायद्याचा? निर्विवाद वस्तुस्थितीला कायद्याची कसोटी लावणे हा कायद्याचाच प्रश्न होय, असे न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरविले.

निष्कर्ष

या निर्णयांचा अर्थ अर्जदार जिंकले असा नव्हे. माटा प्रकरणात मुदत स्थगित होऊ शकते काय, हा मूळ प्रश्न न्यायालयाने खुलाच ठेवला. न्यायालयाने मान्य केले ते एवढेच की, नकाराची कारणे स्वतंत्र न्यायपीठापुढे टिकली पाहिजेत. मुदतीचे बंधन राज्यव्यवस्थेस आवश्यक आहे. परंतु वकिलावर विसंबलेल्या माणसासाठी ते ९० दिवस त्याच्या नकळत सरतात. तेव्हा मुदतीचा हिशेब ज्या यंत्रणेने केला, तिनेच त्यावर अखेरची मोहोर उठवू नये, हे तत्त्व या इतिहासातून हळूहळू दृढ झालेले दिसते.