44,100चं आजोळ

डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत यंत्रांच्या मागे वाकून पाहिलं, की एक केबल बहुतेक वेळा सापडते. 75 ओहमची, टोकाला फिरवून बसवायचा बीएनसी कनेक्टर. तिच्यातून गाणं जात नाही, नुसते ठोके जातात: सेकंदाला 44,100 किंवा 48,000. याला म्हणतात वर्ड क्लॉक. प्रत्येक यंत्रात आपापलं क्वार्ट्‌झचं स्फटिक असतं आणि दोन स्फटिकं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत दहाचा फरक असला तरी दर सव्वादोन सेकंदांनी आवाजाचा एक नमुना, म्हणजे एका ठोक्याचं मोजमाप, कमी-जास्त होतो आणि कानाला मधूनच ‘टक्’ असं लागतं. म्हणून एका यंत्राला मास्टर करायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या ठोक्यावर चालायचं.

पण ठोके 44,100च का?

पुस्तकी उत्तर असं, की माणसाला जास्तीत जास्त 20,000 हर्ट्‌झ ऐकू येतं, त्याची दुप्पट 40,000, वर फिल्टरसाठी थोडी मोकळी जागा. बरोबर आहे, पण एवढ्यानं 42,000सुद्धा चाललं असतं. गणितप्रेमी सांगतात, हा 210चा वर्ग आहे. 2, 3, 5, 7 या पहिल्या चार मूळ संख्यांचे वर्ग गुणले की हाच आकडा येतो. देखणं आहे खरं, पण आकडा ठरल्यावर सापडलेलं देखणेपण ते. बीथोवनच्या नवव्या सिंफनीची दंतकथा तर सीडीच्या लांबीबद्दलची. तिचा इथे संबंधच नाही.

माझ्या मते आकडा आला दूरचित्रवाणीतून. दोन चॅनेलचा 16 बिटी आवाज साठवायचा तर सेकंदाला चौदा लाखांहून जास्त बिट लागतात. 1970च्या दशकात आवाजाच्या साध्या टेपरेकॉर्डरला हे झेपणारं नव्हतं. व्हिडिओ रेकॉर्डरला झेपत होतं. मग पीसीएम अ‍ॅडॅप्टर नावाचं यंत्र आवाजाचे बिट काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलून चित्राच्या ओळींवर मांडू लागलं आणि रेकॉर्डर ते टीव्हीचं चित्र समजून टिपू लागला. सोनीचं पीसीएम-1 हे 1977चं. पुढच्याच वर्षी पीसीएम-1600 यू-मॅटिक टेपच्या जोडीनं स्टुडिओत शिरलं.

आता हिशेब. दर ओळीत प्रत्येक चॅनेलचे तीन नमुने. अमेरिका-जपानच्या 525 ओळींच्या पद्धतीत सेकंदाला 60 फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं, आणि फील्डमागे वापरण्याजोग्या 245 ओळी: 245 × 60 × 3 = 44,100. युरोपची, आणि आपल्या दूरदर्शनचीही, पद्धत तेव्हा 625 ओळींची; 50 फील्ड, 294 ओळी: 294 × 50 × 3 = पुन्हा 44,100!

योगायोग म्हणणाऱ्यांसाठी दोन साक्षीदार. डेनॉनचं 1972चं यंत्र सेकंदाला 47,250 नमुने घ्यायचं. तीननं भागा: 15,750. कृष्णधवल टीव्हीच्या सेकंदातल्या नेमक्या तेवढ्या ओळी! उलट अमेरिकेत टॉमस स्टॉकहॅमचं साउंडस्ट्रीम व्हिडिओच्या वाटेला गेलंच नाही आणि त्याचा पुढे स्थिरावलेला दर निघाला गोल 50,000. टीव्हीच्या घरात न वाढलेल्याला विचित्र आकड्याची गरजच पडली नाही.

तरी खोचक वाचक विचारेल, दोन्ही पद्धतींत बसणारे आकडे आणखीही असतील की. आहेत. ओळीत तीन नमुने धरले तर 900च्या पटीतला आकडा हवा: 43,200, 44,100, 45,000. पण 45,000ला फील्डमागे 250 आणि 300 ओळी लागतात, म्हणजे दोन्हीकडे मोकळ्या उरतात जेमतेम साडेबारा. रेकॉर्डरचं हेड बदलताना आणि चित्र वर परतताना एवढ्यात भागवणं धोक्याचं. 43,200 बसला असता, मात्र फिल्टरची मोकळी जागा आणखी आक्रसली असती. चिकटपणे जास्तीत जास्त ओरबाडून घेतलेला आकडा म्हणजे 44,100, असा माझा तर्क.

या घराण्यात एक सावत्र भावंडही आहे. रंगीत टीव्हीनं अमेरिकेत फील्डचा वेग 60वरून 59.94वर आणला, तसा दर झाला 44,056. अशी टेप 44,100च्या ठोक्यावर लावली, तर तासाभराचं संगीत साडेतीन सेकंद आधीच संपतं.

सीडी 1982 साली बाजारात आली ती 44,100च्याच दरानं, कारण तिचा मास्टर यू-मॅटिक टेपवरच जायचा. आणि ती केबल? सोनीच्या एसडीआयएफ-2 जोडणीत डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन तारांसोबत वर्ड क्लॉकची तिसरी तार वेगळी असे. 75 ओहम आणि बीएनसी ही तर व्हिडिओवाल्यांची रोजची सामग्री. माझ्या लेखी तीही त्याच आजोळहून आलेली.

गंमत म्हणजे पडद्यासाठी हा आकडा पुढे नकोसा झाला. सिनेमाच्या सेकंदाला 24 फ्रेम. 44,100ला 24नं भागलं तर 1,837 आणि वर अर्धा नमुना. 48,000ला भागलं तर पुरते 2,000. म्हणून चित्रपट आणि व्हिडिओच्या कामात 48,000 रुळला. दोघांचं गुणोत्तर 160 : 147. त्यामुळे सीडीसाठी मुद्रित झालेलं गाणं सिनेमात घालायचं तर नुसता क्लॉक जुळवून भागत नाही, त्याचा नमुना न् नमुना नव्यानं मोजून काढावा लागतो.