रबराच्या कारखान्यातून निघालेले औषध

दारू सोडविणाऱ्या औषधाची कथा कारखान्यात सुरू होते. रबर पक्के करण्याच्या कामी येणारे एक गंधकयुक्त द्रव्य हाताळणाऱ्या अमेरिकन कामगारांना मद्य सोसेनासे झाले. घोट घेताच तोंड लालबुंद होई. कारखान्याचे डॉक्टर विल्यम्स यांनी १९३७ साली हे नोंदविले आणि हाच व्यसनावरचा उतारा ठरेल काय, असेही विचारले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्या कामगारांची नावे तर कोणीच लिहून ठेवली नाहीत.

पुढे कोपनहेगन येथे हाल्ड व याकोबसेन त्याच जातीचे द्रव्य जंतांवर अजमावीत होते. स्वतः गोळ्या घेऊन मद्य प्याले आणि बेजार झाले! १९४८ साली ‘अँटाब्यूज’ जगापुढे आले. मद्य पचताना होणारे विष हे औषध शरीरात साठवून ठेवते. ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो. आरंभी मात्रा मोठ्या दिल्या, काही रोगी दगावले; मग त्या उतरविल्या. क्वचित यकृतही बिघडते.

युनियनच्या कामात आमच्याकडे बायका येत. नवऱ्याच्या जेवणात नकळत ही गोळी कालवू का, म्हणून विचारीत. नकळत दिलेली गोळी जीव घेईल, असे आम्ही सांगत असू. त्यावर एकजण म्हणाली, “मग दादा, मी करू काय?” आम्ही गप्प बसलो.