त्याची डायरी राहिली, तिचा कागद फाटला

आजचा भाग डायरीवर आहे. ‘रोज लिहा, मन हलकं होतं’ हा सल्ला तुम्ही रील्सवर शंभर वेळा ऐकला असेल. मीही ऐकलाय. आणि दर वेळी मला एकच प्रश्न पडतो: लिहीन हो, पण ती वही ठेवू कुठे?

चला, आज लंडनमधल्या एका घरात जाऊ. तारीख ९ जानेवारी १६६३. सकाळची वेळ आहे, नवरा-बायको अजून अंथरुणातच आहेत आणि बोलता बोलता वाद सुरू झालाय. बायकोचं नाव एलिझाबेथ, वय बावीस. तिचं म्हणणं साधं आहे. नवरा दिवसभर कामावर आणि मित्रांत, ती घरात एकटी, बोलायला कोणी नाही. दोनेक महिन्यांपूर्वी तिने हेच त्याला पत्रात लिहून दिलं होतं. त्याने ते न वाचताच तिच्यासमोर जाळलं होतं. पण बाईने नक्कल ठेवली होती. आता तिने मोलकरणीला हाक मारून पेटीतून तो कागद आणवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

नवरा भडकला. का? तर तिने हे सगळं सरळ इंग्रजीत लिहिलं होतं. उद्या कोणाच्या हाती लागलं तर? एलिझाबेथचे वडील फ्रेंच होते, तिला फ्रेंच येत होतं, पण तिने लिहिलं ते घरातल्या कोणालाही वाचता येईल अशा भाषेत. तो म्हणाला, फाड. ती नाही म्हणाली. मग त्याने कागद हिसकावून घेतला आणि स्वतः फाडला. एवढ्यावर थांबला नाही. तिच्या कागदांचं गाठोडं काढून त्यातले कागद एकेक करून तिच्या डोळ्यांसमोर फाडले. त्यात त्याने लग्नाआधी तिला लिहिलेली प्रेमपत्रंही होती. ती रडत होती, नको म्हणत होती.

हे आपल्याला कसं कळलं? त्याच्याच डायरीतून. त्या नवऱ्याचं नाव सॅम्युअल पीप्स, इंग्रजीतला बहुतेक सर्वांत प्रसिद्ध डायरीलेखक. आणि त्याने तिथे हेही नोंदवलंय की तिने लिहिलेलं बरंचसं खरंच होतं.

पीप्स शिंप्याचा मुलगा. १ जानेवारी १६६० ला, सव्विसाव्या वर्षी त्याने डायरी सुरू केली. का सुरू केली हे त्याने कुठेच सांगितलेलं नाही. त्याच वर्षी आरमाराच्या कचेरीत मोठी नोकरी लागली. पुढची साडेनऊ वर्षं तो लिहीत राहिला, एकूण साडेबारा लाख शब्दांच्या आसपास. १६६५ ची प्लेगची साथ त्यात आहे. १६६६ ची लंडनची आग आहे, आणि त्या आगीत साहेबांनी बागेत खड्डा खणून वाइन आणि पार्मेझान चीज पुरलं तेही आहे. (हा माणूस मला इथे एकदम आपला वाटतो.) लाच घेतल्याचे हिशेब आहेत, पोटाच्या तक्रारी आहेत, बायकोला फसवल्याच्या कबुल्या आहेत.

एवढं मोकळं तो लिहू शकला, कारण त्याच्याकडे कुलूप होतं. तो शॉर्टहँडमध्ये लिहायचा. थॉमस शेल्टन नावाच्या माणसाची ती पद्धत, तिचं पुस्तक बाजारात मिळायचं, पण घरात कोणाला ती वाचता येत नव्हती. जास्तच लाजिरवाणं काही असेल तर त्यात फ्रेंच-स्पॅनिशची मिसळ. आजच्या भाषेत फोनला पिन, आणि आतल्या ॲपला वेगळा पिन.

म्हणजे बघा, एकाच घरात दोन माणसं मनातलं लिहीत होती. एकाच्या लिखाणाला कुलूप होतं, त्याच्या सहा जाड वह्या आजही केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. दुसरीने साध्या भाषेत लिहिलं आणि तिच्या त्या कागदाचं काहीही उरलं नाही.

मी डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये वाढले. पाच माणसं, एक कपाट, आणि कपाटात माझा एक खण, तोही भावाबरोबर अर्धा. बारावीत असताना मी दोनशे पानी वहीत लिहायचे आणि ती गादीखाली ठेवायचे. एकदा आईने गादी उन्हात टाकायला काढली. वहीत तिच्याबद्दल बरंच होतं, आणि चांगलं नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. पोळ्या वाढत होती, पण बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी मी वही फाडून कॉलेजच्या वाटेवरच्या कचराकुंडीत टाकली. पुढची आठ वर्षं मी वाणसामानाच्या यादीपलीकडे स्वतःसाठी काही लिहिलं नाही. त्या आठ वर्षांतच, २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. आज ते दिवस आठवायचे तर माझ्याकडे व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि हॉस्पिटलची बिलं आहेत. मला तेव्हा काय वाटत होतं, याची एक ओळही नाही.

पीप्सचंही काहीसं असंच झालं. लिहून लिहून डोळे दुखायला लागले, आंधळा होईन अशी भीती बसली. ३१ मे १६६९ ला त्याने शेवटची नोंद केली. यापुढे लिहायचं तर दुसऱ्याकडून, साध्या लिपीत लिहून घ्यावं लागणार, म्हणजे जगाला कळलं तरी चालेल एवढंच लिहायचं. ही सवय सुटणं त्याला स्वतःला थडग्यात जाताना बघण्यासारखं वाटलं. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला एलिझाबेथ तापाने गेली. वय एकोणतीस. आग, प्लेग, पुरलेलं चीज, सगळ्याची नोंद करणाऱ्या माणसाच्या आयुष्यातल्या या दिवसाबद्दल डायरीत काहीच नाही, कारण डायरीच नाही. डोळे शेवटपर्यंत शाबूत राहिले. तो १७०३ पर्यंत जगला, पण तशी डायरी त्याने पुन्हा लिहिली नाही.

आता जरा उडी मारून अमेरिकेत येऊ, कारण ‘मन हलकं होतं’ हे कोणी तपासून पाहिलंय का, हा प्रश्न तुमच्या मनात असणार. १९८० च्या दशकात जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्याबरोबर एक प्रयोग केला. तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजचे ४६ विद्यार्थी, चार दिवस, रोज १५ मिनिटं. काहींना साध्यासुध्या विषयांवर लिहायला सांगितलं, काहींना आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक गोष्टीबद्दल. जे घडलं ते आणि त्याबद्दल वाटलं ते, दोन्ही ज्यांनी लिहिलं, ते पुढच्या काही महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेले.

पण रील्सवाले एक गोष्ट गाळतात. लिहिल्यावर लगेच या मुलांना बरं वाटलं नव्हतं, उलट जास्त उदास वाटलं होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी लिहून रडू आलं, तर ‘मला हे जमत नाही’ असं ठरवू नका. पुढे असे खूप अभ्यास झाले आणि सरासरी फायदा छोटाच निघाला. जादू वगैरे नाही. आणि लिहून रोजच जास्त खोल जातोय असं वाटलं, तर वही बंद करून माणसाशी बोला. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

त्या प्रयोगात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक अट. तुमचं लिखाण तुमच्या नावाशी जोडलं जाणार नाही, हे मुलांना आधी सांगितलं होतं. शुद्धलेखनाची चिंता करू नका, हेही सांगितलं होतं. मला तर सवयीचा अर्धा भाग तिथेच दिसतो. वही कोणती, पेन कोणतं, सकाळी की रात्री, हे सगळं नंतर. आधी कुलूप.

आपल्याकडे रोजनिशी हा शब्द जुना आहे, पण पेशव्यांच्या रोजनिशा म्हणून जे खंड गणेश चिमणाजी वाडांनी निवडून काढले, ते उघडलेत तर तिथे नेमणुका, इनामं, वसुलीचे हुकूम असा कारभार सापडेल. कोणाचं मन सापडणार नाही. पण त्या दप्तरातली एक गोष्ट माझ्या कामी आली: लिपी. ते कागद मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी शाळेत शिकवत असत, आता आमच्या बिल्डिंगमध्ये एकालाही येत नाही. मी ती शिकले होते जुनी कागदपत्रं वाचायला. दोन वर्षांपूर्वी एका रात्री सहज पानावर आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली मोडीत लिहिलं, ‘बाबांची चप्पल अजून दारात आहे.’ मग थांबलेच नाही.

तुम्ही मोडी शिकाच असं नाही. ॲपला लॉक लावा, स्वतःला ईमेलचा मसुदा लिहून सेव्ह करा, लोकलमध्ये कागदावर लिहा आणि उतरताना स्वतःच्या हाताने फाडा. स्वतः फाडणं वेगळं, कोणी फाडणं वेगळं. चार दिवस, पंधरा मिनिटं, फोन एअरप्लेन मोडवर. पाचव्या दिवशी नाही लिहिलं तरी चालेल. मीही रोज लिहीत नाही.

आता वही टेबलावरच पडलेली असते. गेल्या दिवाळीत फराळाचे डबे भरताना आईने ती उचलून बाजूला ठेवली, दोन पानं चाळली आणि विचारलं, “हे कसलं गं?” मी सांगितलं. ती म्हणाली, “मला शिकवशील?”

मूळाक्षरं व्हायला तिला दीड महिना लागला. तिची वही निळ्या पुठ्ठ्याची आहे, फ्रिजवर असते. मी उघडलेली नाही.