किंग हेन्रीज रोड, घर नंबर दहा

आजचा भाग तासगावातून सुरू होतो आणि लंडनच्या एका शांत गल्लीत जाऊन थांबतो. पण वाटेत एक स्टेशन लागतं, तिथं आधी उतरू या.

आपण तासगावकर पुण्याला रेल्वेनं निघालो की भिलवडीला गाडी धरतो. किर्लोस्करवाडी गेलं, ताकारी गेलं, कराड मागं पडलं की थोड्या वेळानं मसूर येतं. खिडकीतून बघून सोडून द्यावं असं छोटं स्टेशन.

1901 सालच्या उन्हाळ्यात याच मसूरला काही पोरं उतरली होती. साताऱ्याहून निघालेली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला, सुट्टीत त्यांच्याकडं चाललेली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशन मास्तरला वाटलं, ब्राह्मणांची मुलं असतील. त्यानं आपुलकीनं चौकशी केली. पोरांनी साधेपणानं सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरचा चेहराच बदलला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला. तोही असा की गाडी पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवाला बाजूनं चालणार. जवळ भाकरी होती, पण रात्रभर कुणी पाणी दिलं नाही.

त्यातला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलाय. तेव्हा तासगाव आणि मसूर दोन्ही सातारा जिल्ह्यातच. सांगली जिल्हा नंतरचा. म्हणजे ही गोष्ट परक्या मुलखातली नाही मंडळी, आपल्याच जिल्ह्यातली आहे.

आता वीस वर्षं पुढं जाऊ. लंडन, 1921. प्रिमरोझ हिल नावाच्या टेकडीशेजारचा किंग हेन्रीज रोड, घर नंबर दहा.

ही वस्ती कशी होती ते आधी समजून घेऊ. शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत तिथं शेतं आणि कुरणं होती. जमीन ईटन कॉलेजची. तीच ती ईटनची प्रसिद्ध शाळा, आणि ती काढणारा राजा सहावा हेन्री. म्हणून रस्त्याला नाव किंग हेन्रीचं. 1837 मध्ये लंडन ते बर्मिंगहॅम रेल्वे आली, टेकडीजवळ बोगदा खणला गेला आणि शहर उत्तरेकडं सरकायला लागलं. कॉलेजनं जमीन विकली नाही, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं बिल्डरांना दिली. त्यांनी एकमेकांना चिकटलेली तीन-चार मजली घरं बांधली. आपल्या पेठेत वाड्याला वाडा लागून असतो, तशीच भिंतीला भिंत. पण चौक आत नाही. मागं छोटी बाग, पुढं चार पायऱ्या आणि बंद दार. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची सोय नाही.

ही घरं बांधली खात्यापित्या कुटुंबांसाठी, नोकरचाकर धरून. पण पुढं पुढं एवढं मोठं घर चालवणं परवडेना, तशा अनेक मालकांनी खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. खोली आणि सकाळचा नाश्ता असा हिशेब. शहरात शिकायला आलेली मुलं अशाच ठिकाणी राहायची. जवळच्याच रीजंट्स पार्क रोडवर कधीकाळी फ्रेडरिक एंगल्स राहून गेला होता.

आंबेडकर 1916 मध्ये पहिल्यांदा लंडनला शिकायला गेले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि जुलै 1920 मध्ये ते पुन्हा निघाले. इकडं रमाबाई मुंबईत काटकसरीनं संसार ओढत होत्या. तिकडं वाया गेलेला एक दिवस म्हणजे इकडच्या घरातले पैसे वाया.

त्या दिवसांचं वर्णन चरित्रकार धनंजय कीर यांनी केलंय. घरमालकीण कडक आणि हात आखडणारी. सकाळी पावाचा एक तुकडा, थोडा जॅम आणि एक कप बोव्हरील, म्हणजे मांसाच्या अर्काचं गरम पेय. तेवढ्यावर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसायचं. अंतर साधारण चार किलोमीटर. दुपारचं जेवण नाही. रात्री पुन्हा पुस्तकं, आणि भूक असह्य झाली की मुंबईच्या ओळखीच्या माणसानं दिलेले पापड, मोजून चार. अशा पोटावर 1921 मध्ये एम.एस्सी. झाली, 1922 मध्ये बॅरिस्टरी, आणि त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर झाला.

आता इंग्लंड म्हणजे स्वर्ग होता का? अजिबात नाही. कातडीच्या रंगावरून खोली नाकारणारेही तिथं होते, आणि शेवटी तो आपल्यावर राज्य करणारा देश होता. तरीही एक फरक आंबेडकरांनी स्वतः नोंदवलाय. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असं ते लिहितात. ती परत आली 1917 मध्ये, बडोद्याच्या स्टेशनवर. राहायचं कुठं? मोठ्या पगाराची नोकरी होती, खोली नव्हती. एका पारशी सराईत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगितली. मित्रांकडं विचारून पाहिलं, जमलं नाही. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले.

लंडनच्या मालकिणीनं जेवायला कमी घातलं, पण खोली दिली. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा.

पण त्या गल्लीची गोष्ट इथं संपत नाही. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. लोक लांबून लांबून दर्शनाला यायला लागले. आणि मग शेजारी कुरकुरले. गर्दी होते, आवाज होतो, आमची शांतता जाते.

इंग्लंडमध्ये राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर स्थानिक नगरपालिकेची परवानगी लागते. ती आधी घेतलेली नव्हती. नंतर अर्ज केला, तो कॅम्डेन कौन्सिलनं 2018 मध्ये फेटाळला. कारण दिलं की राहण्याची जागा कमी होते. सरकारनं अपील केलं. सप्टेंबर 2019 मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संग्रहालयाला मंजुरी दिली.

आपल्यातल्या कितीतरी जणांना तेव्हा राग आला होता. ज्या माणसाला आयुष्यभर दारं बंद मिळाली, त्याच्या घरालाही नोटीस? राग समजण्यासारखा आहे. पण थोडं थांबून बघू. नियम सगळ्यांना सारखा होता, तक्रार ऐकली गेली, आणि दुसरी बाजूही ऐकली गेली. शेजाऱ्याला माझ्या गर्दीबद्दल बोलायचा हक्क आहे. माझ्या जातीबद्दल नाही. मसूरच्या गाडीवाल्याला पोरांच्या आवाजाचा त्रास नव्हता. पोरंच नको होती. कायद्याच्या चौकटीत भांडता येतं, जिंकताही येतं. आंबेडकर बॅरिस्टर झाले ते याच विश्वासावर.

आता शेवटचं, आणि हे थेट तुमच्याशी. आपल्या तासगावची किती पोरं-पोरी आज पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आहेत. कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची, दिवसभर अभ्यासिकेत बसायचं. किंग हेन्रीज रोडच्या त्या खोलीपेक्षा हे फार वेगळं नाही. खोली बघायला गेल्यावर मालक भाडं सांगतो, डिपॉझिट सांगतो, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारतो, "आडनाव काय?"

हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला असेल, तर तो किती जुना आहे ते आज कळलं. आणि उद्या तुम्ही घर बांधलं, वरच्या मजल्यावर खोल्या काढल्या, कुणी पोरगं बॅग घेऊन दारात उभं राहिलं, तर काय विचारायचं आणि काय नाही, ते तेव्हा तुमच्या हातात असेल.

पुढच्या वेळी गाडी मसूरला थांबली की मोबाईलमधून मान वर काढा आणि प्लॅटफॉर्मकडं एकदा बघा. भेटू पुढच्या भागात.