तळटीप : ‘ब्रिंगिंग अप बेबी’

१२. हॉवर्ड हॉक्स यांचा १९३८चा चित्रपट. डायनोसॉरच्या सांगाड्याचं शेवटचं हाड सांभाळणारा शास्त्रज्ञ (कॅरी ग्रँट), त्याची पाठ न सोडणारी श्रीमंत तरुणी (कॅथरिन हेपबर्न) आणि ‘बेबी’ नावाचा माणसाळलेला बिबट्या. एकमेकांचं वाक्य तोडत धावणारे संवाद हे याचं खरं बळ. हेपबर्नचा झगा मागून फाटतो आणि ग्रँट तिच्या पाठीला चिकटून, पावलाला पाऊल जुळवत तिला बाहेर नेतो, तो प्रसंग निव्वळ देहबोलीने जिंकतो. तुरुंगातला गोंधळ मात्र फार लांबतो. सगळीच पात्रं चक्रम, शहाणं कोणीच नाही, ही चूक हॉक्स यांनीच पुढे कबूल केली. वर याला ‘लोकप्रिय’ म्हटलं आहे. प्रत्यक्षात तेव्हा तो तोट्यात गेला, मान मिळाला तो नंतरच्या पिढ्यांकडून. – संपादक